वायफायची घरातील रेंज

राउटरमधून निघणारा बिनतारी सिग्नल घराच्या कोणत्या कोपऱ्यापर्यंत कामाचा राहतो, ती मर्यादा म्हणजे वायफायची रेंज. हा शब्द मोबाइलच्या टॉवरसोबत आपल्याकडे रुळला आणि तिथून घरात आला. ‘बेडरूममध्ये रेंज नाही’ हे आता ‘नळाला पाणी नाही’ इतक्याच सहजपणे कानावर पडते. रेंज आणि वेग या मात्र निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत खिशाला महाग पडते. १०० एमबीपीएसचा प्लॅन सोडून ३०० चा घेतला, तर राउटरपर्यंत येणारा वेग वाढतो. राउटर आणि मागची खोली यांमधल्या भिंती तेवढ्याच जाड राहतात. म्हणून दोष कुठे आहे ते आधी पाहायचे. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजायचा, मग तोच लॅपटॉप अडचणीच्या खोलीत नेऊन पुन्हा मोजायचा. केबलवरही वेग कमी असेल तर तक्रार कंपनीकडे करावी. केबलवर भरपूर आणि खोलीत रडतखडत, तर उपाय घरातच करायचा आहे.

लहरी आणि भिंती

वायफायचे मूळ मानक आयईईई या संस्थेने १९९७ साली ८०२.११ या क्रमांकाने प्रसिद्ध केले. घरगुती राउटर मुख्यतः रेडिओलहरींच्या दोन वारंवारता-पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून कमी. पहिली पट्टी भिंत त्यातल्या त्यात बरी ओलांडते, पण अरुंद आहे आणि तिथे गर्दी फार. दुसरी वेगवान, पण दोन भिंतींतच दमते. घरगुती राउटरची प्रक्षेपणशक्ती साधारण १०० मिलिवॉटच्या आसपास असते, म्हणजे रात्री लावतात त्या अर्ध्या वॉटच्या एलईडी दिव्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी. तेवढ्यावर चार खोल्या चालवायच्या असतात.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की शक्ती चौथाई उरते. ही घट डेसिबलमध्ये मोजतात: ३ डेसिबल गेले की शक्ती निम्मी, १० गेले की दहावा हिस्सा. फोनवरची मोजणीची ॲप सिग्नल डीबीएम या एककात, ऋण आकड्याने दाखवतात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने चालतो, उणे ८० ला नुसते चिन्ह दिसते आणि पान उघडत नाही. अंदाज बांधण्यापेक्षा हातात फोन धरून घरभर एक फेरी मारणे बरे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आकडा एकदम दहाने घसरला, तर गुन्हेगार भिंत सापडली.

प्लायवुडचे किंवा जिप्समचे पार्टिशन जेमतेम दोन-चार डेसिबल खाते. विटांची भिंत त्याहून अधिक घेते, आणि सळयांनी भरलेली आरसीसी भिंत किंवा स्लॅब १० ते २० डेसिबल सहज गिळतो. म्हणून दुमजली बंगल्यात तळमजल्याचा राउटर वर गेल्यावर हतबल होतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या भिंती जाड आणि सच्छिद्र असतात; ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त लहरी शोषते. जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या भिंती हातभर जाड, तिथे ५ गिगाहर्ट्झकडून अपेक्षाच ठेवू नये. शिवाय लहर भिंतीत तिरकी शिरली तर तिला जास्त जाडी कापावी लागते: ४५ अंशांत सुमारे १.४ पट. घराच्या नकाशावर राउटरपासून त्या खोलीपर्यंत पट्टीने एक सरळ रेघ ओढली की कोडे बहुधा सुटते.

धातू तर लहर आरपार जाऊच देत नाही. लोखंडी कपाट, फ्रिज, आरशामागचा धातूचा लेप, पत्र्याचे छप्पर हे सगळे परत फेकणारे. पाणी शोषणारे; माशांची टाकी आणि पाण्याचे पिंप त्यात आलेच. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि थोडी गळती होतेच, त्यामुळे दूध गरम होत असताना अडखळणारा कॉल हा भास नसतो.

परत फिरलेल्या लहरींचा इतिहास मोठा रंजक आहे. घरात एकच सिग्नल अनेक वाटांनी, थोडा मागेपुढे पोहोचतो आणि स्वतःच्याच प्रतिध्वनीत गोंधळतो. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओ’सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यावर तोड काढली. त्यांचे अमेरिकी पेटंट १९९६ चे. ओ’सलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. स्फोट पावणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे संकेत शोधताना हाताशी आलेले गणित त्यांना इथे उपयोगी पडले. कृष्णविवरांचे ते संकेत काही सापडले नाहीत. पुढे २००९ च्या ८०२.११एन मानकाने एकाहून अधिक अँटेना वापरून हेच परावर्तन कामाला जुंपले.

जागेची निवड

आपल्याकडे राउटर कुठे बसतो हे घरमालक ठरवत नाही, फायबर ओढायला आलेला मुलगा ठरवतो. केबल दारावरून आत येते, म्हणून पेटी दाराशेजारी, टीव्हीच्या मागे किंवा शू-रॅकवर. म्हणजे निम्मा सिग्नल जिन्याला आणि शेजाऱ्यांना. सर्वांत स्वस्त सुधारणा इथेच होते: पेटी घराच्या मध्याकडे, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर आणायची. फायबरची तार बारीक असते आणि चौकटीच्या कडेने सहज नेता येते. फक्त तिला काटकोनात मुरडू नये, आत काच असते. जोडणीच्या दिवशीच चार मीटर तार जास्त मागून घेतली, तर पुढचा बराच खर्च टळतो. शोभेसाठी राउटर कपाटात घालणे म्हणजे दिवा हंड्याखाली ठेवणे.

उभ्या अँटेनाचा सिग्नल मधे भोक असलेल्या मेदूवड्यासारखा पसरतो: आजूबाजूला भरपूर, टोकाच्या दिशेला जवळपास काहीच नाही. एकाच मजल्याच्या घरात अँटेना उभे ठेवावेत. वरच्या मजल्यासाठी एखादा आडवा करून पाहावा. अँटेनामागे ॲल्युमिनियमचा कागद किंवा पेयाचा कापलेला डबा लावण्याचा प्रकार हास्यास्पद वाटतो, पण त्यात तथ्य आहे. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकाने आकार ठरवलेले, धातूने मढवलेले परावर्तक वापरून सिग्नल हव्या त्या दिशेला वळवून दाखवला. यात नवी शक्ती निर्माण होत नाही. एका खोलीतली काढून दुसरीला दिली जाते.

जास्त अँटेनाचा किंवा जास्त ताकदीचा राउटर आणून प्रश्न सुटेलच असे नाही. वायफाय हे संभाषण आहे. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोहोचला तरी फोनचा क्षीण आवाज राउटरपर्यंत परत जायला हवा. सगळ्या दांड्या दिसतात आणि फोटो मात्र चढत नाही, त्याचे हे एक कारण.

चॅनेल

दाट वस्तीत अडचण भिंतींची कमी आणि शेजाऱ्यांची जास्त. २.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतात १३ चॅनेल, म्हणजे त्या पट्टीचे ठरावीक तुकडे, मिळतात, पण ती एकमेकांवर चढलेली असल्याने प्रत्यक्षात १, ६ आणि ११ एवढीच एकमेकांपासून मोकळी राहतात. दादरच्या एखाद्या इमारतीत वीस-पंचवीस राउटर याच तिघांत दाटीवाटीने बसतात. ॲपवर पाहून त्यातल्या त्यात रिकामे चॅनेल निवडावे, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी आणि जवळची उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर न्यावीत. केंद्र सरकारने २०१८ मध्ये या पट्टीचा मोठा भाग विनापरवाना खुला केला. तिथे चॅनेल भरपूर, आणि भिंती ओलांडता न येणे हा दुर्गुण फ्लॅटमध्ये गुणच ठरतो, कारण शेजाऱ्याचा सिग्नलही आत येत नाही.

जोड उपकरणे

रिपीटर किंवा एक्स्टेंडर हा स्वस्त उपाय. तो ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. एकाच रेडिओवर दोन्ही कामे करत असेल तर वेग साधारण निम्मा होतो. लोक तो रेंज नसलेल्या खोलीतच लावतात. तिथे त्यालाच नीट ऐकू येत नाही, मग तो सांगणार काय? त्याची जागा अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून धड आहे.

मेश यंत्रणेत दोन-तीन पेट्या एकाच नावाचे जाळे चालवतात आणि चालत्या माणसाचा फोन एकीकडून दुसरीकडे सोपवायला मदत करतात. अंतिम निर्णय मात्र फोनचा. काही फोन हॉलमधल्या पेटीला गच्चीपर्यंत चिकटून राहतात. पेट्या आपसात बोलण्यासाठी वेगळी पट्टी वापरत असतील तर चांगले, पण मधे आरसीसी स्लॅब असेल तर महागडा मेशही त्याच भिंतीवर डोके आपटतो.

खात्रीचा उपाय, गंमत म्हणजे, तारेचा आहे. राउटरपासून दूरच्या खोलीपर्यंत कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल ओढायची आणि तिथे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट वायफायने पसरवणारी पेटी, लावायचा. १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग टिकतो, भिंतीचा प्रश्नच उरत नाही. जुना राउटरही चालतो, फक्त त्याची उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करावी लागते आणि पत्ता मुख्य राउटरहून वेगळा द्यावा लागतो. घराचे काम निघाले असेल तेव्हाच प्रत्येक खोलीत रिकामा पाइप टाकून घ्यावा. इलेक्ट्रिशियन नको म्हणाला तरी. विजेच्या वायरिंगमधूनच डेटा नेणारे पॉवरलाइन अडॅप्टरही मिळतात, पण दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील तर ते बहुधा निराश करतात.

वीज जाणाऱ्या गावात १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावून राउटर चालू ठेवायची पद्धत आहे. मेश किंवा ॲक्सेस पॉइंट असेल तर त्या प्रत्येक पेटीलाही बॅकअप लागतो. नाहीतर लाइट गेल्यावर रेंज पुन्हा हॉलपुरती उरते.