गादीचे भरण

गादीच्या खोळीत भरलेल्या साहित्याला भरण म्हणतात. गादी किती वर्षे टिकेल आणि तिच्यावर अंग कसे विसावेल, हे मुख्यतः भरणावर ठरते. मात्र हे दोन गुण वेगवेगळे आहेत. पहिल्या रात्री सर्वांत सुखद वाटणारी गादी सर्वांत आधी बसू शकते.

कापसाचे तंतू एकमेकांत गुंतून मध्ये हवा धरून ठेवतात; गादीचा मऊपणा हा खरे तर या हवेचा असतो. शरीराच्या भाराने आणि घामाच्या ओलाव्याने तंतू चेपतात, गोळे होतात आणि गादी टणक बनते. कापूस जागचा सरकू नये म्हणून टाके घालतात. ऊन दाखवल्यास ओलावा निघतो आणि पिंजल्यास तोच कापूस पुन्हा फुगतो. दबलेल्या फोमला असे पुनरुज्जीवन नाही. शेवरीच्या कापसाचे तंतू पोकळ, अतिशय हलके आणि पाणी सहज न शोषणारे असतात, पण ठिसूळ असल्याने वापराने त्यांचा भुगा होतो. लोकरीच्या तंतूंना मुळातच कुरळेपणा असल्याने त्यांची उसळी जास्त टिकते. शिवाय घामाची वाफ शोषूनही लोकर ओली लागत नाही.

काथ्याच्या गादीत नारळाच्या सोडणाचे तंतू रबराच्या चिकाने बांधलेले असतात. ही गादी कडक आणि हवेशीर असते. कालांतराने रबराचे सांधे तुटतात, तंतू मोडतात आणि जिथे भार जास्त तिथे कायमचा खड्डा पडतो.

पॉलियुरेथेनचे रसायनशास्त्र जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये विकसित केले. त्यातूनच पुढे आजचा सर्वसामान्य फोम आला. त्याच्याबाबत घनता आणि कडकपणा यांची गल्लत फार होते. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन. कडकपणा म्हणजे तो ठरावीक खोलीपर्यंत दाबायला लागणारे बल. एकाच घनतेचा फोम मऊही बनवता येतो आणि कडकही. टिकाऊपणाशी मुख्य संबंध घनतेचा आहे: घनमीटरला २० किलोच्या आसपासचा फोम रोजच्या वापरात लवकर दबतो, ३० किलोंच्या पुढचा बराच तग धरतो. त्यामुळे हाताने दाबून गादीचे आयुष्य ओळखू पाहणे व्यर्थ आहे. वजनावरही डोळे झाकून विसंबता येत नाही, कारण चुनखडीची भुकटी मिसळून फोम जड करता येतो आणि त्याने टिकाऊपणा वाढत नाही.

मेमरी फोमचा उगम १९६६ मध्ये नासासाठी झालेल्या विमानातील आसनांच्या संशोधनात आहे. तो सावकाश दबतो, सावकाश वर येतो आणि खांदा व नितंबांवरचा दाब मोठ्या पृष्ठभागावर पसरवतो. थंडीत तो घट्ट होतो, उष्णतेत सैलावतो. शरीर त्यात रुतल्याने अंगाभोवती हवा कमी खेळते, म्हणून काहींना उकडते. गादीत तो बहुधा वरच्या थरापुरताच वापरतात.

रबराचा चीक घुसळून, साच्यात ओतून आणि गंधकाच्या साह्याने पक्का करून लेटेक्स फोम बनतो. या पद्धतीला डनलॉप प्रक्रिया म्हणतात; ती १९२९ मधली आहे. तालाले या दुसऱ्या प्रक्रियेत साच्यातला फेस निर्वात करून फुगवतात आणि गोठवतात, त्यामुळे त्याची वीण एकसारखी येते. लेटेक्सची उसळी तत्काळ असते आणि चांगल्या प्रतीचा लेटेक्स साध्या फोमपेक्षा सहसा जास्त टिकतो. त्याचा शत्रू म्हणजे प्रकाश आणि ऑक्सिजन: थेट उन्हात तो कडक होऊन चुरतो. कापसाच्या गादीला जे ऊन हवे, तेच लेटेक्सच्या गादीला मारक ठरते.

स्प्रिंगच्या गादीत पोलाद क्वचितच आधी हार मानते. त्यावरचे फोम आणि तंतूंचे थर आधी चेपतात आणि मग स्प्रिंगा अंगाला टोचतात. कापडी पिशव्यांत स्वतंत्र बसवलेल्या स्प्रिंगा एकेकट्या दबतात, म्हणून शेजाऱ्याच्या कुशी बदलण्याचा धक्का कमी पोहोचतो.

टिकाऊपणा मोजण्यासाठी ईएन १९५७ या युरोपीय मानकानुसार सुमारे १४० किलो भाराचा रूळ गादीवरून ३०,००० वेळा फिरवतात आणि उंची व कडकपणातली घट नोंदवतात. ही चाचणी नियंत्रित हवामानाच्या खोलीत होते. रोजच्या वापरात घाम आणि उष्णतेचीही भर पडते आणि त्यांनी पॉलियुरेथेन फोम अधिक वेगाने सैल पडतो.