एसी पंप की इलेक्ट्रिक? जुन्या फियाटच्या प्रश्नामागचा इतिहास

जुनी फियाट किंवा पद्मिनी जिवापाड सांभाळणाऱ्या घरात उन्हाळा लागला की हा विषय निघतोच. टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवणारा, इंजिनाला बिलगून बसलेला मूळ ‘एसी’ पंप ठेवायचा, की मागे टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावायचा?

पूर्वी पंपच नसे. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीची टाकी सीटखाली होती आणि पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागात, उतरे. पेट्रोल कमी नि चढ खडा असला, की गाडी रिव्हर्समध्ये चढवावी लागे. टाकी मागे गेली आणि पेट्रोल ओढून आणणं भाग पडलं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस यांत्रिक पंप रुळू लागला. इंजिनाबरोबर फिरणारा कॅमशाफ्ट नावाचा दांडा तरफ हलवतो, तरफ डायफ्राम म्हणजे रबरी पडदा ओढते, आणि त्या ओढीने पेट्रोल येतं. अल्बर्ट चॅम्पियन यांच्या आद्याक्षरांचं नाव लावणाऱ्या एसी कंपनीचे पंप इतके पसरले, की आपल्या गॅरेजांत हा पंप ‘एसी पंप’ म्हणूनच ओळखला जातो. इलेक्ट्रिक पंपही काही कालपरवाचा नाही. इंग्लंडच्या एसयू कंपनीचा टिकटिक करणारा पंप मॉरिस मायनरमध्ये मुळातच असे.

कुर्ल्यात बनलेल्या फियाटला मात्र यांत्रिक पंप होता. घाटात इंजिन तापलं की त्यातलं पेट्रोल उकळे, वाफ धरे आणि गाडी बंद पडे. मग पंपावर ओलं फडकं टाकून थांबायचं. टाकीजवळचा पंप पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो. दाबाखाली पेट्रोल सहजी उकळत नाही, म्हणून तिथे हा त्रास कमी.

२०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि जुन्या रबराची परीक्षा सुरू झाली. डायफ्राम फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. ऑइल मोजायच्या पट्टीला, डिपस्टिकला, पेट्रोलचा वास येतो. तरीही माझ्या मते आधी इथेनॉल सोसणारा डायफ्राम टाकून मूळ पंपच दुरुस्त करावा. इंजिन थांबलं की तो आपोआप थांबतो, आणि अपघातात हा गुण जीव वाचवू शकतो. महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी असेल, तर इलेक्ट्रिक पंपाची सोय खरी: स्टार्टर मारण्याआधीच कार्ब्युरेटर भरतो. पण इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीचा पंप लावू नये. त्याच्या दाबापुढे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई टिकत नाही आणि पेट्रोल बाहेर सांडतं. शिवाय इंजिन थांबून ऑइलचा दाब गेला की पंपाची वीज तोडणारा स्विच जोडून घ्यावा.