वर जाणे आणि गावी जाणे

फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे तुकारामबीजेला, देहूत नांदुरकीच्या झाडाजवळ पाय ठेवायला जागा नसते. दुपारचे बारा वाजले की नामाचा गजर होतो, फुलं झाडाच्या दिशेने उधळली जातात आणि सगळ्या नजरा पानांवर खिळतात. त्या क्षणी नांदुरकी हलते, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. शके १५७१ मध्ये, म्हणजे इ.स. १६५० साली, तुकोबा इथून सदेह वैकुंठाला गेले असं परंपरा मानते. त्या दिवशी नेमकं काय घडलं यावर वाद झाले आहेत, पण मला इथे बोलायचं आहे ते शब्दाबद्दल. या घटनेला वारकऱ्यांनी 'वैकुंठगमन' म्हटलं, आरोहण नव्हे. निरोपाचा अभंगही 'आम्ही जातो आपुल्या गावा । आमचा रामराम घ्यावा' असा आहे. त्यात चढण नाही, शिखर नाही. कामापुरता परगावी राहिलेला माणूस उंबऱ्यावर थांबून निरोप घेतो, तसा हा निरोप आहे. मराठीत मरणाबद्दल इतकं आपुलकीचं बोलणं मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

'आरोहण'मधला 'रुह्' धातू चढण्याचा, तसाच उगवण्या-वाढण्याचाही. म्हणूनच संस्कृतात झाडाला 'महीरुह' म्हणतात. महाभारताचं शेवटचं, अठरावं पर्व म्हणजे स्वर्गारोहण पर्व. त्याआधीच्या महाप्रस्थानिक पर्वात हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी आणि चौघे भाऊ एकेक करून कोसळतात. इंद्र रथ घेऊन येतो, तेव्हा सोबत आलेल्या कुत्र्याला मागे टाकून रथात चढायला युधिष्ठिर नकार देतो. रामायणातल्या त्रिशंकूलाही सदेहच स्वर्गात जायचं होतं. विश्वामित्रांनी त्याला वर पाठवलं, इंद्राने खाली ढकललं, आणि तो अधांतरी राहिला. निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही की आपण आजही त्याचंच नाव घेतो.

ख्रिस्ती परंपरेत येशूचं स्वर्गारोहण पुनरुत्थानानंतर चाळिसाव्या दिवशी मानतात. इस्लाममध्ये पैगंबरांच्या ऊर्ध्वगमनाला मेराज म्हणतात. मूळ अरबी शब्दात शिडीचा अर्थ आहे.

मराठीने रोजच्या वापरात आरोहण ठेवलं ते झेंड्याला, डोंगराला आणि गाण्यातल्या आरोहाला. गेलेल्या माणसाबद्दल मात्र ती 'वास' म्हणते, घर म्हणते. लहान मुलाला आपण 'आजोबा देवाघरी गेले' असंच सांगतो. कैलासवासी हा शब्द मुळात शिवाच्या भक्ताचा, वैकुंठवासी विष्णूच्या. पुढे 'कै.' सरसकट सगळ्यांच्या नावाआधी लागू लागलं. कीर्तनकार-वारकऱ्यांच्या नावाआधी अजून आवर्जून 'वै.' लिहितात. वर्तमानपत्राच्या निधनवार्तांत याच साच्यातले ख्रिस्तवासी आणि पैगंबरवासी भेटतात. शेजाऱ्याच्या श्रद्धेलाही आपल्याच व्याकरणात घर करून देणारे हे शब्द मला फार मोलाचे वाटतात.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या अनेक घरांनी यातला कुठलाच लोक स्वीकारला नाही. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर, फोटोखाली, नावाआधी 'कालकथित' असं लिहिलेलं असतं.