नगर अभियोक्ता सेवेचे कंत्राट

अमेरिकेतील अनेक लहान व मध्यम शहरे फौजदारी खटले चालवण्यासाठी पगारी वकील ठेवत नाहीत. खासगी वकिलाशी किंवा वकिलांच्या पेढीशी ठरावीक मुदतीचा करार करून ते काम बाहेर सोपवतात. असा वकील दुपारी आपल्या कार्यालयात कोणाचे मृत्युपत्र तयार करत असेल किंवा कोणाच्या जमिनीचा दावा लढवत असेल. सकाळी मात्र तो नगर अभियोक्ता, म्हणजे शहराचा सरकारी वकील, म्हणून न्यायालयात शहराच्या वतीने उभा राहतो. कोणावर आरोप ठेवायचा, कोणावरचा मागे घ्यायचा, कोणाला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्या वेळी त्याच्या हाती असतो. शहर कंत्राटाने जे देते ते हे अधिकारपद असल्यामुळे त्याची निवड रस्त्याच्या डांबरीकरणाच्या निविदेसारखी उरकता येत नाही. मिनेसोटा राज्यातील कित्येक उपनगरांत ही पद्धत रुळलेली आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः वॉशिंग्टन राज्याची, म्हणजे सिअ‍ॅटल ज्यात आहे त्या वायव्येकडील राज्याची, रीत घेतली आहे.

शहर खटला का चालवते

भारतात फौजदारी खटल्याचे शीर्षक ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असे असते. अमेरिकेत ‘अमुक शहर विरुद्ध तमुक’ असेही असू शकते, कारण खालच्या पायरीवरचे गुन्हे शहराच्या अखत्यारीत येतात. वॉशिंग्टनमध्ये गंभीर गुन्हे, ज्यांना फेलनी म्हणतात, काउंटीचा (राज्याखालच्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) निवडून आलेला अभियोक्ता चालवतो. त्याखाली मिसडिमीनर (९० दिवसांपर्यंत कैद, १,००० डॉलरपर्यंत दंड) आणि ग्रॉस मिसडिमीनर (३६४ दिवसांपर्यंत कैद, ५,००० डॉलरपर्यंत दंड) असे दोन वर्ग आहेत. दारू पिऊन गाडी चालवणे, परवाना निलंबित असताना गाडी चालवणे, ७५० डॉलरपर्यंतची चोरी, घरातली मारहाण हे सारे याच वर्गांत मोडते. १९९६ च्या कायद्याने शहरांवर स्पष्ट जबाबदारी टाकली: आपल्या हद्दीत प्रौढांकडून घडलेल्या आणि आपल्या पोलिसांनी पाठवलेल्या अशा गुन्ह्यांचा खटला, निवाडा आणि तुरुंगवास यांचा खर्च शहराने उचलायचा, मग त्यासाठी स्वतःची यंत्रणा उभारा नाहीतर करार करा.

३६४ हा आकडा मुद्दाम आलेला आहे. २०११ पर्यंत कमाल शिक्षा ३६५ दिवसांची होती. एक वर्षाची शिक्षा झाली की काही गुन्ह्यांत परदेशी नागरिकाला थेट देशाबाहेर काढण्याची तरतूद केंद्रीय कायद्यात आहे, म्हणून विधिमंडळाने एक दिवस कमी केला. सिअ‍ॅटलच्या परिसरात संगणक क्षेत्रात नोकरी करणारी बरीच मराठी कुटुंबे आहेत. व्हिसावर राहणाऱ्या माणसाचा अमेरिकन न्यायव्यवस्थेशी कधी संबंध आलाच, तर तो बहुधा याच पायरीवर येतो. त्याच्या आरोपपत्रात कोणते कलम राहते आणि कोणते वगळले जाते, यावर त्याचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असू शकते. तो निर्णय घेणारा वकील शहराचा नोकर नसून कंत्राटदार असू शकतो, हे त्याच्या गावीही नसते.

शहरापुढे साधारण तीन वाटा असतात. सिअ‍ॅटलसारखे मोठे शहर आपले कार्यालय चालवते. तिथला सिटी अ‍ॅटर्नी, म्हणजे शहराचा मुख्य वकील, लोक निवडून देतात. काही शहरे आंतरस्थानिक सहकार्याच्या कायद्याखाली काउंटीशी किंवा शेजारच्या शहराशी करार करतात. उरलेली खासगी वकिलाकडे जातात. शहराने आपला वकील पूर्णवेळ किंवा अर्धवेळ नेमावा अथवा ‘वाजवी कंत्राटी व्यवस्थेने’ सेवा घ्यावी, अशी मुभा तिथल्या नगर संहितेत आहे.

जाहिरात आणि निवड

वकिली सेवेसाठी स्पर्धात्मक निविदा काढण्याची सक्ती वॉशिंग्टनच्या कायद्याने शहरांवर केलेली नाही. तरीही शहाणी शहरे प्रस्ताव मागवतात, आणि ते योग्यच आहे. वर्षानुवर्षे एकाच पेढीकडे मुकाट्याने नूतनीकरण होत राहिले की काम कसे चालले आहे हे विचारायला कोणी उरत नाही.

चांगल्या जाहिरातीची पहिली खूण म्हणजे तिच्यात कामाचा खरा आकार दिलेला असतो: वर्षाला किती खटले दाखल होतात, त्यात दारू पिऊन गाडी चालवण्याचे किती, कौटुंबिक हिंसेचे किती, आठवड्यातून किती दिवस आणि कोणत्या वेळी बोर्ड (सुनावणीच्या खटल्यांची यादी) लागतो, किती खटले ज्युरीपुढे (सामान्य नागरिकांच्या पंचमंडळापुढे) जातात. हे आकडे न देता दर मागवले तर अनुभवी वकील धोका धरून दर चढवतो आणि नवखा अंदाजाने उतरवतो. मग वर्षभरात दोघांपैकी एकाशी भांडण ठरलेले.

त्यानंतर अपेक्षा लिहिलेल्या असतात. त्यांतली एक वाचताना किरकोळ वाटते, पण तिच्यावर बरेच काही टिकते: पोलिसांना फोनवर सल्ला देण्याची तयारी. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिझुरी राज्यातील मॅकनीली खटल्यात ठरवले की, मद्यपी चालकाचे रक्त त्याच्या संमतीविना घ्यायचे तर सर्वसाधारणपणे वॉरंट हवे. रक्तातला मद्यांश काळानुसार घटतो एवढे कारण पुरणार नाही. त्यामुळे रात्री दोन वाजता रस्त्याच्या कडेला उभा असलेला शिपाई वॉरंटच्या अर्जात काय लिहू, हे विचारायला कोणाला तरी फोन करणार. त्या वेळी फोन उचलणारा माणूस कंत्राटात लिहिलेला नसेल तर तो खटला तिथेच, त्या रस्त्यावर, अर्धा हरलेला असतो.

प्रस्तावात वकिलाने आपला अनुभव, प्रत्यक्ष न्यायालयात कोण उभे राहणार त्यांची नावे, व्यावसायिक चुकीचा विमा, पूर्वीच्या शहरांचे संदर्भ, हितसंबंधांची माहिती आणि दर द्यायचे असतात. नावे महत्त्वाची, कारण मुलाखतीला पेढीचे ज्येष्ठ भागीदार यावेत आणि बोर्डावर मात्र कालच सनद मिळालेला कनिष्ठ उभा राहावा, हा प्रकार सगळीकडे सारखाच घडतो. पुढे शहर व्यवस्थापक, शहराचे दिवाणी वकील, पोलिसप्रमुख अशांची छोटी समिती गुण देते, दोन-तीन पेढ्यांना मुलाखतीला बोलावते, आणि करार नगर परिषदेच्या खुल्या बैठकीत मंजुरीसाठी येतो. पोलिसप्रमुखाचे मत घ्यावे, पण ते निर्णायक ठरू नये. पोलिसांनी पाठवलेल्या कागदाला ‘नाही, हा खटला उभा राहत नाही’ असे म्हणणे हे अभियोक्त्याच्या कामातले सर्वांत मोलाचे काम आहे. ज्याची नेमणूक पोलिसांच्या खुशीवर अवलंबून आहे, त्याच्या तोंडून तो नकार सहज निघत नाही.

मेहनताना कसा ठरतो

कंत्राटाचा प्राण इथे आहे. सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे दरमहा एकरकमी मानधन. अंदाजपत्रक बांधायला ते सोपे, पण काम वाढले तरी रक्कम तीच राहते, त्यामुळे प्रत्येक खटल्याला मिळणारा वेळ हळूहळू आकसतो. तासाप्रमाणे पैसे दिले तर वेळ मिळतो, पण नगर परिषदेला वर्षाअखेरीचा आकडा आधी सांगता येत नाही. दाखल खटल्यामागे पैसे देणे सगळ्यांत वाईट, कारण त्यात खटला न भरण्याच्या निर्णयाचे मोल शून्य होते. बहुतेक जाणती शहरे मासिक रक्कम ठेवून त्यावर खटल्यांची मर्यादा घालतात आणि ज्युरी खटला किंवा अपील यांना वेगळा दर लावतात.

निकालावर बेतलेला मेहनताना हा स्वतंत्र विषय आहे. कॅलिफोर्नियातील कोरोना शहराने अश्लील साहित्याच्या दुकानाविरुद्ध सार्वजनिक उपद्रवाचा दावा चालवायला खासगी वकील नेमला. ताशी ६० डॉलर, आणि शहर हरले तर ३० डॉलर, असा करार होता. १९८५ च्या क्लॅन्सी निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही नेमणूक अग्राह्य ठरवली: सरकारची सत्ता वापरणाऱ्या वकिलाचा निकालात पैशाचा हितसंबंध असता कामा नये. २०१० मध्ये सांता क्लारा काउंटीच्या शिसेयुक्त रंगाविषयीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने दिवाणी दाव्यांपुरता हा नियम सैल केला, पण निर्णयाचा लगाम सरकारी वकिलांच्याच हाती राहिला पाहिजे, या अटीवर.

तरीही पैसा दुसऱ्या दाराने आत आला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागातील इंडिओ आणि कोचेला या शहरांनी खासगी पेढीमार्फत बांधकाम-स्वच्छतेच्या नियमभंगाचे फौजदारी खटले चालवले आणि त्यांचा वकिली खर्च आरोपीकडूनच वसूल करण्याची सोय केली. इंडिओतील एका वयस्कर घरमालकिणीच्या भाडेकरूने कोंबड्या पाळल्या होत्या. त्या मालकिणीने गुन्हा कबूल केला, २२५ डॉलर दंड भरला आणि प्रकरण मिटले असे समजून ती घरी गेली. काही महिन्यांनी वकिलांचे बिल आले. तिने दाद मागितली, तसे ते वाढून साडेपाच हजार डॉलरच्या वर गेले. २०१७ मध्ये स्थानिक वृत्तपत्राने ही प्रकरणे उजेडात आणली आणि २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने खटल्याचा खर्च आरोपीवर लादण्यास शहरांना बंदी करणारा कायदा केला. शहराने आपल्या तिजोरीतून एक पैसा न देता अभियोक्ता मिळवला, तर त्याचे पैसे या घरमालकिणीसारख्या कोणाला तरी भरावे लागतात, हे त्या बिलाने उघडे पाडले.

खटला चालवणाऱ्याला पैसे कोणी द्यावेत, हा प्रश्न महाराष्ट्रातूनही भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आहे. राज्याच्या विधी अधिकारी नियमांनुसार फिर्यादीच्या विनंतीवरून आणि त्याच्या खर्चाने विशेष सरकारी वकील नेमले जात. १९८८ च्या मुकुल दलाल निकालात न्यायालयाने सांगितले की, मागितला की दिला असे चालणार नाही; प्रत्येक अर्जाची कारणे तपासा, आणि मानधन सर्वसाधारणपणे राज्यानेच द्यावे. १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सहायक सरकारी वकिलांना पोलिस खात्याच्या नियंत्रणातून काढून स्वतंत्र अभियोग विभाग उभारण्याचे आदेश झाले. महापालिकांच्या वकील पॅनेलशी मात्र या नोंदीतल्या कंत्राटाची गल्लत करू नये. चोरी-मारहाणीचे खटले आपल्याकडे राज्याने नेमलेले सरकारी वकील चालवतात. त्यांची नेमणूक आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ व १९ खाली होते.

कामाचा बोजा

करार चार वर्षांचा असला तरी कायदा तेवढा काळ थांबत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लेक खटल्यात अमली पदार्थ बाळगण्याचा जुना फेलनी कायदा रद्द केला, आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो गुन्हा ग्रॉस मिसडिमीनर केला. काउंटीचे काम त्यामुळे शहरांच्या दारात येऊन पडले. ज्या करारांत काम वाढल्यास फेरवाटाघाटीचे कलम नव्हते, त्यांत हा बोजा जुन्याच मानधनात सामावून घ्यावा लागतो.

समोरच्या बाजूचा धडा आणखी कडक आहे. वॉशिंग्टनमधीलच माउंट व्हर्नन आणि बर्लिंग्टन या दोन शहरांनी गरीब आरोपींच्या बचावासाठी दोन वकिलांना कंत्राट दिले होते. दोघेही वर्षाला प्रत्येकी सुमारे १,००० प्रकरणे हाताळत होते. २०१३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ही व्यवस्था आरोपीला वकिलाचा हक्क देणाऱ्या, घटनेच्या सहाव्या दुरुस्तीचा भंग करणारी ठरवली. अशील आणि वकील यांची भेट व्हायची ती थेट न्यायालयात, गुन्हा कबूल करण्याच्या क्षणी. बचाव वकिलांसाठी राज्याच्या न्यायालयाने वर्षाला किती प्रकरणे घ्यावीत याची कमाल मर्यादा घातलेली आहे. अभियोक्त्यांसाठी तशी मर्यादा नाही, ही उणीवच म्हणावी लागेल. घाईत असलेला अभियोक्ता पुरावा नीट पाहत नाही. आरोपीच्या बाजूचा पुरावा त्याच्या हाती देणे तर १९६३ च्या ब्रेडी निकालापासून घटनात्मक कर्तव्य आहे, आणि जो पाहिलाच नाही तो पुरावा देणार कसा?

हितसंबंध

छोट्या गावात वकील थोडे. ज्या पेढीला अभियोक्त्याचे काम मिळते, तिच्याकडे शेजारच्या गावातल्या आरोपीचे वकीलपत्रही असू शकते. मिझुरीतील सेंट लुइस काउंटीत तर एकच वकील एका गावात अभियोक्ता आणि पलीकडच्या गावात न्यायाधीश असल्याची उदाहरणे होती. २०१५ मध्ये त्याच काउंटीतील फर्ग्युसन शहरावरील केंद्रीय न्याय खात्याच्या अहवालाने तिथली पोलिस आणि न्यायालय यंत्रणा महसुलावर डोळा ठेवून चालत असल्याचे नोंदवले. म्हणून करारात हे काम करणाऱ्या वकिलाने त्याच शहरात बचावाची बाजू घेऊ नये असे लिहितात, आणि आरोपी शहराचा नगरसेवक, पोलिस किंवा पेढीचा जुना अशील निघाला तर प्रकरण हाती घेणारा पर्यायी अभियोक्ता आधीच ठरवून ठेवतात.

कंत्राट संपताना

साठ किंवा नव्वद दिवसांची नोटीस देऊन करार संपवण्याची तरतूद बहुधा असते. फायली शहराच्या मालकीच्या, हे स्पष्ट लिहिलेले असावे लागते. जाणाऱ्या पेढीने प्रत्येक चालू प्रकरणाची पुढची तारीख, साक्षीदारांचे पत्ते, बचाव पक्षाला दिलेल्या पुराव्याची यादी आणि तोंडी मान्य केलेली तडजोड लिहून द्यायची. घरगुती मारहाणीच्या प्रकरणांत ज्या बाईने एकदा जीव मुठीत धरून सगळे सांगितले, तिला नव्या वकिलाचा फोन त्याच आठवड्यात गेला पाहिजे, आणि तो करताना तिची फाइल त्याने वाचलेली असली पाहिजे.