चेहरा ओळखण्यात आपण किती पटाईत?

ब्रिटनमध्ये २०११ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांचे प्रत्येकी २० असे ४० फोटो पत्त्यांसारखे पिसून लोकांच्या हातात दिले आणि एका व्यक्तीचे फोटो एका गठ्ठ्यात लावायला सांगितले. माणसं किती, हे सांगितलं नव्हतं. ब्रिटिश मंडळींनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. डच लोकांपैकी जवळजवळ सगळ्यांनी दोनच, आणि तेही झटपट. गंमत म्हणजे ब्रिटिशांनी दोघींची सरमिसळ फारशी केली नाही. एकाच बाईच्या चार बाया केल्या. केस मोकळे, केस बांधलेले, उजेड समोरून, उजेड बाजूने, एवढ्यावर माणूस बदलला.

चेहरे ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं आपल्याला वाटतं. ते ओळखीच्या चेहऱ्यांपुरतंच खरं आहे. शाळेतला मित्र पंचवीस वर्षांनी, टक्कल पडलेला आणि पोट सुटलेला, गर्दीत भेटला तरी ओळखू येतो. कारण त्याचा चेहरा आपण शेकडो कोनांतून, हसताना, रडताना, उन्हात, अंधारात पाहिलेला असतो. अनोळखी माणसाच्या बाबतीत हाताशी असतो एक फोटो, म्हणजे एका क्षणाचा उजेड, एक कोन आणि एक कॅमेरा.

कॅमेऱ्याचा वाटा तर फार मोठा. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली १२ सेंटीमीटर धरा. सेल्फीत फोन नाकापासून ३० सेंटीमीटरवर असेल, तर कान ४२ सेंटीमीटरवर, म्हणजे १.४ पट लांब. दीड मीटरवरून फोटो काढला तर हेच गुणोत्तर १६२ भागिले १५०, म्हणजे १.०८. त्यामुळे सेल्फीत कानांच्या मानाने नाक सुमारे ३० टक्के मोठं दिसतं आणि कान गालांआड सरकतात. दोष नाकाचा नाही, अंतराचा! ओळखपत्रासाठी फोटो काढायचा तर दीड मीटर लांब उभं राहून थोडा झूम वापरावा.

मेंदू चेहरा सुटा सुटा वाचत नाही. डोळे, नाक, तोंड आणि त्यांच्यामधली अंतरं एकदम घेतो. कानशिलाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या तळाशी असलेला एक छोटा भाग चेहरा दिसला की इतर वस्तूंपेक्षा कितीतरी जास्त सक्रिय होतो, बहुतेकांत उजव्या बाजूला अधिक. नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली त्याला नाव दिलं, फ्युझिफॉर्म फेस एरिया. ही यंत्रणा सरळ चेहऱ्याला सरावलेली आहे. चेहरा उलटा केला की ती लंगडी पडते.

हे घरी करून बघता येतं. समोरून काढलेला, दात दाखवून हसणारा फोटो घ्या. मान तिरकी नको. फोटो एडिटरमध्ये दोन्ही डोळे भुवयांसकट कापा, १८० अंशांत फिरवा आणि त्याच जागी चिकटवा. तोंडाचंही तसंच. नुसतं डावं-उजवं पलटवलं तर काही होणार नाही, वरची बाजू खाली आलीच पाहिजे. कडा थोड्या धूसर करा, नाहीतर नजर जोडावरच अडकते. मग फोनचं ऑटो-रोटेट बंद करा (हे विसरलात तर फोन फिरवला की फोटोही फिरून सरळ होतो) आणि फोन उलटा धरा. हसरा, जवळजवळ नेहमीसारखा चेहरा दिसेल. आता फोन हळूहळू सरळ करा. आडवा होऊन पुढे सरकता सरकता तोच चेहरा एकाएकी भेसूर होतो. यॉर्क विद्यापीठाच्या पीटर थॉम्पसन यांनी हा भ्रम १९८० साली मार्गारेट थॅचर यांच्या फोटोवर दाखवला, म्हणून त्याला थॅचर भ्रम म्हणतात.

मेंदूचा हा भाग दुखावला की काय होतं? योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी १९४७ साली अशा रुग्णांची नोंद केली. त्यातल्या डोक्याला गोळी लागलेल्या एका तरुणाला घरची माणसं आणि आरशातला स्वतःचा चेहराही ओळखता येईना. आवाज आणि चालीवरून मात्र ओळख पटत असे. या स्थितीला प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात. काहींमध्ये ती जन्मापासूनच असते.

परीक्षाकेंद्रावर हॉलतिकीट तपासणाऱ्याला मात्र निरोगी मेंदूही पुरत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांनी समोरचा माणूस फोटोशी ताडून पाहिला, तेव्हा दुसऱ्याच माणसाचे १४ टक्के फोटो त्यांनी खुशाल मान्य केले. नोकरीची वर्षं वाढल्याने अचूकता वाढलेली नव्हती. अनुभव कामी येत नाही याचं कारण उघड आहे: चुकून सोडलेला तोतया परत येऊन चूक सांगत नाही. चूक लगेच कळत गेली, तर अचूकता सुधारते असं प्रयोगांत दिसलं आहे.

म्हणून डमी उमेदवार पकडायचा तर ‘एकूण बघून तोच वाटतो’ यावर जाऊ नये. केस आणि दाढी बाजूला ठेवा, त्या सहज बदलतात. फोटोत चष्मा असेल तर लावायला सांगा, नसेल तर काढायला; एकीकडे चष्मा आणि दुसरीकडे नाही, एवढ्यानेही चुका वाढतात. मग केस मागे घ्यायला लावून कान बघा: पाळी गालाला चिकटलेली की सुटी, वरची कड कशी वळलेली. त्यानंतर तीळ, व्रण, खळगे. फोटोत नसलेला तीळ समोर दिसला तर लगेच संशय नको, छपाईत बारीक तीळ पुसले जातात. फोटोतला ठळक तीळ समोर नसेल तर थांबा. फोटो मोबाइलवर असेल तर मोठा करून त्या माणसाच्या चेहऱ्याशेजारी धरा. खात्री होत नसेल तर दुसऱ्या सहकाऱ्याला बोलवा, आणि त्याचं मत होईपर्यंत आपलं सांगू नका.