मोंपाझिए: हिवाळ्यात वाचता येणारा 1284 चा नकाशा

फ्रान्सच्या दोर्दोन्य भागातल्या मोंपाझिएच्या चौकात ऑगस्टमध्ये खुर्च्या आणि छत्र्यांपलीकडे फारसं काही दिसत नाही. जानेवारीत चौक मोकळा असतो, आणि हे गाव पट्टी घेऊन आखलंय हे तेव्हा कळतं.

आखलं कोणी? तेराव्या शतकात दक्षिण-पश्चिम फ्रान्सवर दोन सत्ता हक्क सांगत होत्या. 1259 च्या पॅरिस तहानंतर इंग्लंडचा राजा अ‍ॅक्विटेनचा ड्यूक म्हणून फ्रेंच राजाचा मांडलिक ठरला, पण सरहद्द काही शांत झाली नाही. मग दोन्ही बाजूंनी नव्या पेठा वसवण्याचा सपाटा लावला. त्यांना ‘बास्तीद’ म्हणतात. फ्रेंच बाजूने आल्फाँस द प्वातिएने 1261 मध्ये विलफ्रांश-द्यु-पेरिगोर आणि 1270 मध्ये एमे वसवलं. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डतर्फे 1284 मध्ये जाँ द ग्रायीने मोंपाझिए वसवलं, तेही बिरोंच्या सरदाराशी करार करून. अशा करारात जमीन सरदाराची, सनद आणि संरक्षण राजाचं आणि उत्पन्नात दोघांची वाटणी. आपल्याकडे कौल देऊन पेठ वसवत, तसलाच हा व्यवहार. रयत यावी म्हणून सवलती, आणि रयत आली की कर.

द्रो नदीच्या खोऱ्यावरच्या पठारावर साधारण 400 बाय 220 मीटरचा आयत आखला. पूर्ण फेरी सव्वा किलोमीटरची, म्हणजे रमतगमत वीस मिनिटं. घरांचे भूखंड सारखे, सुमारे 8 बाय 20 मीटर. पुढचं दार रस्त्यावर, मागचं ‘कार्रेइरू’ नावाच्या बोळात. बरेच लोक हे बोळ वगळतात. तिथेच गावाची मागची बाजू, खरी बाजू दिसते.

दोन घरांमध्ये जेमतेम वीतभर, फार तर 30 सेंटिमीटरची फट असते. ही ‘अँद्रॉन’. भिंत सामायिक नाही, त्यामुळे आग सहज शेजारी जात नाही. छपराचं पाणी आणि घरातलं सांडपाणीही याच फटीतून बाहेर. तिच्यात शिरायचा हट्ट करू नये. पुष्कळ ठिकाणी तोंडं बुजवलेली आहेत, त्यामुळे भिंतीवरून नजर फिरवत चालायला हवं, नाहीतर सरळ पुढे निघून जाल.

चौकाभोवती कमानींच्या ओवऱ्या, त्यांना ‘कोर्निएर’ म्हणतात. कडेला जुनी मंडई: सोळाव्या शतकातला लाकडी सांगाडा आणि खाली धान्य मोजायची मापं, अजून जागेवर. बाजार गुरुवारी भरतो. बाकी दिवशी हिवाळ्यात दुकानांची वेळ नीट पाहून जावं, बारा ते दोन तर पाट्या उलट्याच असतात.

या चौकाचा एक काळा दिवसही आहे. करवाढीविरुद्ध उठलेल्या ‘क्रोकां’ शेतकऱ्यांच्या बंडातला म्होरक्या ब्युफारो याला 1637 मध्ये इथेच चाकावर हाडं मोडून ठार मारलं. सवलती देऊन वसवलेल्या पेठेत हे घडावं, हा विलक्षण योग.

चर्चच्या दारावर मान वर करून पाहावं. ‘फ्रेंच जनता परमतत्त्व आणि आत्म्याचं अमरत्व मान्य करते’ अशी ओळ तिथे क्रांतिकाळात कोरली गेली. आता ती पुसट झालीय. हिवाळ्यातलं तिरपं ऊन पडलं तर वाचता येते.