टीव्ही लायसन्सचा कोर्टदंड थकला असेल तर: इंग्लंड-वेल्समधील प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

इंग्लंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना आणि कुटुंबांना टीव्ही लायसन्सच्या खटल्याची पहिली बातमी पुष्कळदा दंड थकल्याच्या पत्रातूनच मिळते. भारतात रेडिओ आणि टीव्हीचा परवाना १९८० च्या दशकातच रद्द झाला, त्यामुळे घरात टीव्ही पाहण्यासाठी सरकारी परवाना लागतो ही गोष्ट नव्याने आलेल्यांच्या मनात नसते. पण कोर्टाच्या लेखी अज्ञान हा बचाव नाही. पुढील माहिती ज्यांच्यावर दंड आधीच बसला आहे आणि त्याची मुदत उलटून गेली आहे त्यांच्यासाठी आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांची व्यवस्था वेगळी असल्याने ती इथे घेतलेली नाही.

सर्वात आधी एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. लायसन्सचे शुल्क (एप्रिल २०२५ मध्ये ते वर्षाला १७४.५० पौंड होते) आणि कोर्टाचा दंड ही दोन स्वतंत्र देणी आहेत. लायसन्स आज विकत घेतल्याने कालचा दंड मिटत नाही आणि दंड भरल्याने लायसन्सही मिळत नाही. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते, बीबीसीकडे जात नाही. घाबरून टीव्ही लायसन्सिंगच्या (बीबीसीसाठी लायसन्सचे शुल्क गोळा करणाऱ्या यंत्रणेच्या) संकेतस्थळावर पैसे भरायचे आणि ‘मी तर भरले’ असे समजून कोर्टाच्या पत्रांकडे दुर्लक्ष करायचे, ही चूक वारंवार दिसते आणि ती महागात पडते.

लायसन्स कोणाला लागते याबद्दल एवढेच सांगतो की कोणत्याही वाहिनीचे थेट प्रसारण कोणत्याही उपकरणावर पाहिले तर ते लागते, आणि १ सप्टेंबर २०१६ पासून बीबीसी आयप्लेअर या बीबीसीच्या ऑनलाइन सेवेवरील कोणताही कार्यक्रम पाहण्यासाठीही लागते. सहा महिन्यांसाठी आलेली आई इंटरनेटच्या बॉक्सवरून मराठी वाहिनीवरची मालिका प्रक्षेपणाच्या वेळीच पाहत असेल, तर त्यालाही लायसन्स लागते. वाहिनी परदेशी आहे म्हणून सूट नाही. अनेकांनी मिळून घेतलेल्या घरात सगळ्यांची नावे एकाच भाडेकरारावर असतील तर साधारणपणे एक लायसन्स पुरते, पण खोलीगणिक वेगळा करार असेल तर आपापल्या खोलीतल्या पाहण्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र लायसन्स घ्यावे लागते. खटला मात्र चौकशीला आलेल्या माणसाला दार उघडून ज्याने उत्तरे दिली त्याच्यावर होतो. दोषी ठरणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे आणि बीबीसीने २०१७ मध्ये या तफावतीचा आढावाही प्रसिद्ध केला. दिवसा घरी कोण असते, हे त्यामागचे एक साधे कारण आहे.

आता हातातले पत्र नीट पाहा. ‘लीगल ऑक्युपायर’ अशा निनावी संबोधनाने आलेले पत्र टीव्ही लायसन्सिंगचे असते, ते कोर्टाचे नव्हे. कोर्टाच्या पत्रावर तुमचे नाव, दंडाचा खाते क्रमांक आणि विभागाचा क्रमांक असतो. सरकारी संकेतस्थळावर पैसे भरताना हेच दोन क्रमांक लागतात. असे खटले २०१५ पासून ‘सिंगल जस्टिस प्रोसिजर’ने चालवता येतात, म्हणजे एकच मॅजिस्ट्रेट केवळ कागदपत्रे वाचून, कोणालाही समोर न बोलावता निर्णय देतो. आधी एक नोटीस पाठवली जाते, तिला उत्तर देण्यासाठी २१ दिवस असतात, आणि उत्तर आले नाही तर तुमच्या गैरहजेरीत निकाल लागतो. घर बदललेल्या, सुट्टीत भारतात गेलेल्या किंवा सामायिक टपालपेटी असलेल्या माणसाला यातले काहीही कळत नाही, आणि तरीही व्यवस्था पत्र टाकले म्हणजे ते पोहोचले असे धरून पुढे जाते. ही पद्धत सोयीची आहे ती कोर्टाला. सामान्य माणसाला तिचा जाच होतो, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

यापुढचा सगळा मार्ग एका प्रश्नावर ठरतो: निकाल लागण्यापूर्वी तुम्हाला या खटल्याची माहिती होती का?

माहिती नव्हती, तर तुम्ही ‘स्टॅच्युटरी डिक्लरेशन’ म्हणजे शपथेवरचे निवेदन देण्यास पात्र आहात. १९८० च्या मॅजिस्ट्रेट्स कोर्ट्स अ‍ॅक्टमध्ये ही तरतूद आहे. त्यात मला या कार्यवाहीची माहिती अमुक तारखेपर्यंत नव्हती असे लिहायचे, सॉलिसिटर (वकील), कमिशनर फॉर ओथ्स (शपथ देण्याचा अधिकार असलेली व्यक्ती) किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर शपथ घेऊन सही करायची आणि ते ज्या कोर्टाने दंड केला त्याच कोर्टाकडे पोहोचवायचे. निवेदन स्वीकारले गेले की ती शिक्षा रद्दबातल होते आणि त्या दंडाची वसुलीही थांबते. मात्र खटला संपत नाही, तो नव्याने सुरू होतो आणि गुन्हा कबूल आहे की नाही हे तुम्हाला सांगावे लागते. निवेदन दिले म्हणजे निर्दोष सुटलो असे समजून पुढच्या पत्राला उत्तर न देणारे लोक पुन्हा त्याच जागी येतात.

सर्वाधिक अर्ज अडतात ते मुदतीवर. निवेदन कोर्टाकडे पोहोचवण्याची मुदतही २१ दिवसांचीच आहे, पण हे दिवस निकालाच्या किंवा पत्रावर छापलेल्या तारखेपासून मोजायचे नसून तुम्हाला खटल्याबद्दल प्रथम कळले त्या दिवसापासून मोजायचे असतात. निकाल आठ महिन्यांपूर्वीचा आहे म्हणून हातपाय गाळण्याचे कारण नाही. उलट पत्र हाती आल्यावर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणे घातक आहे. मुदत गेल्यावरही कोर्ट निवेदन स्वीकारू शकते, पण वेळेत देणे तुमच्याकडून वाजवीपणे अपेक्षित नव्हते हे पटवावे लागते. आणि तारीख सोयीप्रमाणे पुढे ढकलण्याचा मोह कृपया टाळा, कारण शपथेवर खोटे लिहिणे हा टीव्ही लायसन्सपेक्षा कितीतरी गंभीर गुन्हा आहे.

दुसरी अडचण पुराव्याची. पत्र मिळाले नाही याचा कागद कोणाकडेच नसतो. म्हणून त्या काळात आपण त्या पत्त्यावर नव्हतो हे दाखवणारे कागद जमवावे लागतात. जुन्या आणि नव्या घराचे भाडेकरार, घर सोडल्याची तारीख असलेले कौन्सिल टॅक्सचे (घरावरच्या स्थानिक कराचे) शेवटचे बिल, अनामत परत मिळाल्याचा ईमेल, यांचा उपयोग होतो. भारतात होतो असे सांगणारे पासपोर्टकडे बोट दाखवतात, पण ब्रिटनमधून बाहेर पडताना शिक्का मारला जात नाही. तेव्हा भारतात उतरल्याचा आणि तिथून निघाल्याचा शिक्का असलेल्या पानांची प्रत आणि विमानाची तिकिटे सोबत ठेवा. मूळ निवेदन पाठवण्यापूर्वी त्याची छायाप्रत स्वतःजवळ राहू द्या आणि पोहोच मिळेल अशाच मार्गाने ते पाठवा.

नोटीस मिळाली होती पण उत्तर दिले नाही, अशा माणसाने हे निवेदन देऊ नये. त्याच्यासाठी १९८० च्या त्याच कायद्याच्या कलम १४२ खाली, न्यायाच्या दृष्टीने प्रकरण पुन्हा उघडावे, अशी विनंती करण्याची सोय आहे. उदाहरणार्थ, ज्या तारखेचा आरोप आहे त्या तारखेला लायसन्स जोडीदाराच्या नावावर होते आणि ते कोणी तपासलेच नाही. विनंती मान्य करणे कोर्टाच्या मर्जीवर असते आणि उशीर जितका जास्त तितकी ती कठीण होते.

दंड योग्य आहे पण झेपत नाही, अशांची संख्याही मोठी आहे. या गुन्ह्याला कमाल दंड १,००० पौंड आहे. प्रत्यक्षात तो आठवड्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतो. उत्पन्नाचा फॉर्म भरला नसेल तर कोर्ट आठवड्याला ४४० पौंड उत्पन्न गृहीत धरते. त्याच्या निम्मा दंड धरला तरी २२० पौंड, त्यावर ४० टक्के सरचार्जचे (दंडासोबत लागणाऱ्या अधिभाराचे) ८८ पौंड, शिवाय खटल्याचा खर्च. आठवड्यातून जेमतेम वीस तास काम करणाऱ्या विद्यार्थ्याला हा आकडा भारी पडणारच. पगाराच्या पावत्या, तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट, भाडे आणि फी यांचे कागद जोडून खरी परिस्थिती कळवली तर हप्ते बांधून मिळू शकतात आणि दंडाचा फेरविचार व्हावा अशीही मागणी करता येते. हप्त्यांसाठी पत्रावरच्या क्रमांकावर फाइन्स ऑफिसला फोन करायचा, एवढेच.

काहीच केले नाही तर ‘फर्दर स्टेप्स नोटीस’, म्हणजे वसुलीची पुढची पावले कळवणारी नोटीस, येते. तिच्याविरुद्ध अपील करण्याची मुदत १० कामकाजाच्या दिवसांची आहे, २१ नव्हे. त्यानंतर पगारातून परस्पर कपात होऊ शकते (म्हणजे मालकाला सगळे कळते), दंडाची नोंद सार्वजनिक रजिस्टरमध्ये होऊन पुढे कर्ज मिळणे अवघड होऊ शकते, किंवा प्रकरण बेलिफकडे, म्हणजे घरी येऊन वसुली करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाते. २०१४ च्या नियमांनी बेलिफच्या पहिल्या पत्राचे ७५ पौंड आणि घरी आल्याचे २३५ पौंड शुल्क ठरवले, आणि ते ऋणकोच्याच माथी बसते. बेलिफ दार तोडू शकत नाहीत, असे जे सर्रास सांगितले जाते ते क्रेडिट कार्डसारख्या कर्जांपुरते खरे आहे. फौजदारी दंडासाठी त्यांना वाजवी बळ वापरून आत शिरण्याचा अधिकार आहे. तो क्वचित वापरला जातो, तरी वापरला जाणार नाही या भरवशावर राहू नका. केवळ लायसन्स नव्हते म्हणून तुरुंगवास होत नाही, पण ऐपत असून मुद्दाम दंड न भरणाऱ्याला तो होऊ शकतो. दिवाळखोरी जाहीर केल्यानेही हा दंड माफ होत नाही.

व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दंडाची शिक्षा वर्षभरानंतर कायद्याने ‘स्पेंट’ ठरते, म्हणजे सामान्य नोकरीच्या अर्जात ती सांगावी लागत नाही. ही सवलत व्हिसा, कायम वास्तव्य आणि नागरिकत्व यांच्या अर्जांना लागू नाही. तिथे शिक्षेबद्दल विचारले असेल तर ती लिहावीच लागते. भरलेल्या लहान दंडाची कबुली पुष्कळदा निभावते. लपवल्याचे उघड झाले तर तो फसवणुकीचा प्रश्न बनतो. परत भारतात गेल्यानेही दंड संपत नाही, आणि पुढच्या व्हिसा अर्जात तोच प्रश्न पुन्हा समोर येतो.

सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस आणि नॅशनल डेटलाइन यांच्याकडे विनामूल्य सल्ला मिळतो. घरातल्या ज्या व्यक्तीच्या नावावर दंड आहे तिला इंग्रजी नीट येत नसेल, तर सुनावणीसाठी मराठी दुभाषा हवा असे कोर्टाला आधीच लेखी कळवा. त्याचे पैसे तिला द्यावे लागत नाहीत.